दिवंगत आमदारांचं काम जपायचं कसं? सभागृहातल्या नोंदी, स्मृतिग्रंथ, पुतळा, वाचनालय (सीमाभाग)

पारावरून

खानापूर तालुक्यातल्या गावकऱ्यांच्या समितीसाठी माहिती हवी आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सीमाभागातून निवडून गेलेले एक आमदार यंदा गेले. चर्चा कामाच्या पद्धतीची आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पहिली पुण्यतिथी सात महिन्यांवर आहे. घरच्यांनी चार ट्रंका समितीच्या ताब्यात दिल्या आहेत. त्यांत पत्रव्यवहार, कात्रणं, डायऱ्या, फोटोंचे अल्बम आणि भाषणांच्या काही कॅसेटी आहेत. लोकांनी मिळून सुमारे १४ लाख कबूल केलेत. काहींना चौकात पुतळा हवा, काहींना स्मृतिग्रंथ, काहींना वाचनालय, तर काहींना मुलांसाठी बक्षीस. कुठलं काम आधी घ्यावं, कशात काय अडतं, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं.

जुना बस्ता

आधी ट्रंका. बाकी सगळं थांबलं तरी चालेल.

पहिला नियम: कागद ज्या क्रमात सापडले तो क्रम मोडू नका. एका गठ्ठ्यात पाणीपुरवठ्याचं पत्र, खाली लग्नपत्रिका आणि तिच्यामागे एक यादी असेल, तर तो गठ्ठा तसाच एकत्र ठेवा. 'विषयवार लावून घेऊ' म्हणत पहिल्याच रविवारी चार ढीग केले, की कुठलं पत्र कुणाच्या उत्तरादाखल होतं हा धागा कायमचा तुटतो. प्रत्येक ट्रंकेला अक्षर (अ, आ, इ, ई), गठ्ठ्याला आकडा, कागदाला आकडा द्या. म्हणजे अ-७-१२. हा क्रमांक मागच्या कोपऱ्यात २बी पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने लिहायचा. बॉलपेन किंवा मार्कर वापरायचा नाही.

टाचण्या, यू-पिना, रबरबँड काढा. गंजलेली टाचणी ओढू नका, कागद फाटतो. कागद पालथा ठेवून टाचणीची टोकं पातळ पट्टीने वर उचला, मग सरकवा. सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. आत उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक कागदाला हानी न करता परत काढता येत नाही. कात्रणांचा कागद मुळात आम्लयुक्त असतो, तो शेजारच्या पत्रालाही पिवळा करतो. म्हणून कात्रणं वेगळ्या पाकिटात ठेवा, पण मूळ जागी 'इथे कात्रण अ-७-१३ होतं' अशी चिठ्ठी घाला.

खानापूरचा पाऊस लक्षात घ्या. लोखंडी ट्रंक जमिनीला टेकवून, भिंतीला लावून ठेवली की ओल आणि वाळवी दोन्ही येतात. फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या घाला, रंग बदलला की बदला. ओलसर वास येणारा गठ्ठा उन्हात टाकू नका. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात, पानं सुटी करून वाळवा.

स्कॅनिंग: पत्रं ३०० ते ४०० डीपीआय, फोटो ६००. मूळ प्रत टिफमध्ये, वापरायची प्रत जेपीजी किंवा पीडीएफमध्ये. तीन प्रती करा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक गावाबाहेर. मोबाईलवर काढलेला फोटो चालतो, पण मग सूर्यप्रकाश खिडकीतून एका बाजूने यावा, फ्लॅश नको, आणि कागदाच्या कडेला सेंटिमीटरची पट्टी दिसू द्या.

चिकट पानांच्या अल्बममधला फोटो नखाने उपटू नका. दात साफ करायचा धागा फोटोखालून करवतीसारखा हळू सरकवा. अर्ध्यात अडला तर थांबा आणि आख्खं पानच स्कॅन करा.

सभागृह

आमदाराचं काम म्हणजे फक्त गावात केलेली कामं असा समज असतो. सभागृहात तो माणूस काय बोलला, काय विचारलं, हे पाहायला कुणी जात नाही. तिथूनच खरं काम दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीमाभागाच्या लोकांना एक अडचण आहे, ती म्हणजे सभागृहच बदललं. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, तेव्हा १९३७, १९४६ आणि १९५२ च्या निवडणुकांतल्या सदस्यांची भाषणं मुंबईच्या विधिमंडळाच्या खंडांत आहेत. १९५२ ला निवडून आलेले बेळगावकडचे सदस्य तर ऑक्टोबर १९५६ अखेरपर्यंत मुंबईत आणि पुढे १९५७ च्या निवडणुकीपर्यंत बेंगळुरूत बसले. म्हणजे एकाच कारकिर्दीसाठी दोन राज्यांचे खंड चाळावे लागतात. १९५७ पासूनचं कामकाज बेंगळुरूला सापडेल. मात्र १ नोव्हेंबर १९७३ पर्यंत राज्याचं नाव म्हैसूर होतं, त्यामुळे 'कर्नाटक' या शब्दाने जुनी सूची शोधली तर हाती काही लागत नाही.

तुमचे आमदार सत्तर-ऐंशीतले. म्हणजे पाहायच्या निवडणुका १९७२, १९७८, १९८३, १९८५ आणि १९८९. निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालात मतदारसंघ, मतं, फरक मिळतो. नाव रोमन लिपीत असतं आणि स्पेलिंग तीन निवडणुकांत तीन प्रकारचं असू शकतं, म्हणून आधी मतदारसंघ धरा, मग नाव.

मग मतदारसंघाची हद्द. २००८ च्या पुनर्रचनेत उचगाव आणि बेळगाव शहर हे मतदारसंघ नावासकट गेले, आणि बेळगाव उत्तर, दक्षिण, ग्रामीण असे आले. 'आमच्या मतदारसंघातली गावं' ही आजची यादी जुन्या आमदाराला लावू नका. त्या निवडणुकीच्या वेळची गावांची यादी लावा.

आता कामकाजातल्या जागा. कामकाजाच्या खंडांना कन्नडमध्ये 'नडवळिगळु' म्हणतात. त्यात या गोष्टी पाहा:

तारांकित प्रश्न (चुक्के गुरुतिन प्रश्ने). याला तोंडी उत्तर मिळतं आणि पुढे उपप्रश्न येतात. खरा माणूस उपप्रश्नात दिसतो, कारण तो आयत्या वेळी विचारलेला असतो. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी असतं, त्याला जोडपत्र असेल तर आकडे त्यातच असतात, आणि लोक नेमकं जोडपत्रच कॉपी करायचं विसरतात. लक्षवेधी सूचना (गमन सेळेयुव सूचने) सध्या नियम ७३ खाली आणि तातडीची चर्चा नियम ६९ खाली होते, तर स्थगन प्रस्ताव नियम ६० खाली. अर्थसंकल्पावरच्या मागण्यांची चर्चा सोडू नका. साधा, दुसऱ्या बाकावरचा आमदारही तिथे पाच मिनिटं बोलून जातो आणि तालुक्याची सगळी दुखणी त्यात येतात.

शेवटी शोकप्रस्ताव. माजी सदस्य गेल्यावर पुढच्या अधिवेशनात, बहुधा पहिल्या दिवशी, सभागृह त्याची नोंद घेतं आणि सदस्य उभे राहून मौन पाळतात. त्या दिवसाच्या कामकाजाची प्रत जरूर मिळवा. त्यातल्या जन्मतारखा आणि कारकीर्द घरच्या माहितीशी ताडून पाहा, चूक आढळली तर सचिवालयाला लेखी कळवा.

कागद मागायची रीत: आधी विधिमंडळाच्या ग्रंथालयाला साधं विनंतीपत्र. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार. कर्नाटकात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत असावा लागतो, फी १० रुपये, प्रतीला पानी २ रुपये. 'यांची सर्व भाषणं द्या' असा अर्ज केला तर तो 'माहिती संकलित स्वरूपात नाही' म्हणून परत येतो. वर्ष, अधिवेशन, तारीख लिहून, दर अधिवेशनाला वेगळा अर्ज करा. तारखा कुठून आणायच्या? डायऱ्यांतून, आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांतून. 'तरुण भारत' बेळगावात १९१९ पासून आहे. शहरातलं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे, जुन्या अंकांची चौकशी तिथेही करा.

पारावरून

मनापासून आभार. कामकाजाच्या ज्या थोड्या प्रती ट्रंकेत आहेत त्या कन्नडमध्ये आहेत. मोबाईलवरच्या भाषांतराने एका मुलाने त्यांचं मराठी करून दिलंय. ते छापायला घ्यावं का?

दोन्हीकडची

अजिबात नको. दोन्ही भाषांत संस्कृत शब्द सारखे दिसतात, अर्थ मात्र वेगळे. श्रद्धांजलीच्या पुस्तकात याच जागी घात होतो.

'संताप सूचने' म्हणजे शोकप्रस्ताव. कन्नडमध्ये संताप म्हणजे दुःख. यंत्राने किंवा घाईत माणसाने 'सभागृहाने संताप व्यक्त केला' असं लिहिलं, तर दिवंगत माणसाविषयी सभागृह चिडलं होतं असा अर्थ होतो. 'सचिवरु' म्हणजे मंत्री. आपल्याकडचा सचिव म्हणजे तिथे 'कार्यदर्शी'. त्यामुळे 'पाटबंधारे सचिवांनी सभागृहात आश्वासन दिलं' असं वाक्य दिसलं की ते चूक समजा, उत्तर मंत्र्याने दिलेलं असतं. 'शासकरु' म्हणजे आमदार, सत्ताधारी शासक नव्हे. 'अनुमोदने' म्हणजे बहुतेक वेळा मंजुरी, आपल्या सभेत ठरावाला देतात ते अनुमोदन नव्हे. 'शिक्षे' म्हणजे शिक्षाच, शिक्षण नव्हे. 'नीरावरी' म्हणजे पाटबंधारे, 'कंदाय' म्हणजे महसूल, 'सारिगे' म्हणजे परिवहन.

आकड्यांतही जपा. जुन्या टंकलिखितात कन्नड ६ आणि ९ पटकन सारखे दिसतात. रक्कम किंवा साल घेताना एकाने वाचायचं, दुसऱ्याने मूळ पानावर बोट ठेवून तपासायचं.

भाषांतराची पद्धत: कन्नड शाळेत शिकलेला एक आणि मराठी शाळेत शिकलेला एक, अशी जोडी बसवा. पहिला वाचून अर्थ सांगेल, दुसरा लिहील. मग तिसऱ्याने मूळ न पाहता फक्त मराठी वाचायचं आणि जिथे अडेल तिथे खूण करायची. पुस्तकात मूळ कन्नड उतारा डाव्या पानावर आणि मराठी उजव्या पानावर दिला तर फार चांगलं. त्या माणसाने दोन्ही भाषकांची कामं केली असतील, तर कन्नड वाचकाला पुस्तक परकं वाटू नये.

एक खबरदारी. राज्यघटनेच्या कलम २१० प्रमाणे सदस्याला राज्यभाषा, हिंदी किंवा इंग्रजीत नीट मांडता येत नसेल तर अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येतं. त्यामुळे 'ते सभागृहात मराठीत बोलले' असं गावात सांगितलं जात असेल तर ते शक्य आहे, पण तारखेसह नोंद मिळाल्याशिवाय ठामपणे छापू नका.

चौकशी खिडकी

पुतळ्याबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी आदेश दिला आहे की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागी पुतळा किंवा बांधकाम करायला राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये. म्हणजे चौकातला पुतळा हा प्रश्न गावाच्या इच्छेचा राहिलेला नाही. चौथरा आधी बांधून मग परवानगी मागितली, तर चौथरा पाडला जातो आणि त्या माणसाचं नाव अतिक्रमणाच्या नोटिशीत येतं. ही वेळ कुणाच्याही स्मृतीवर येऊ देऊ नये.

खासगी किंवा संस्थेच्या मालकीच्या आवारात, वाचनालयाच्या आत अर्धपुतळा बसवायला वाट आहे. तरी जागेचा उतारा, ग्रामपंचायतीचा ठराव, पंचायत विकास अधिकाऱ्यांची (पीडीओ) पोच आणि पोलीस ठाण्याला लेखी माहिती हे कागद आधी करा.

रस्त्याला किंवा शाळेला नाव द्यायचं असेल तर फलक स्वतः लावू नका. स्थानिक संस्थेचा ठराव, हरकती, वरची मान्यता, मग फलक. सीमाभागात परवानगीशिवाय लावलेला फलक रात्रीत उतरतो आणि मग भांडण भाषेचं होतं, माणूस बाजूला राहतो.

ट्रस्ट केलात तर त्याच्या पाटीवरही वरच्या भागात ६० टक्के कन्नड हवं. २०२४ च्या दुरुस्तीपासून हा नियम ट्रस्टनाही लागू आहे. पाटी रंगवण्याआधीच मोजून घ्या.

हिशेबनीस

'कबूल' केलेले १४ लाख हातात येईपर्यंत काहीच ठरवू नका. अशा वेळी कबूल आणि जमा यांत अंतर राहतंच.

सोसायटी करायची तर कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली किमान ७ सदस्य लागतात. घरचे दोन, बाकी बाहेरचे, आणि त्यात एक तरी बाई व एक पस्तिशीच्या आतलं कुणी घ्या. सगळे साठीपुढचे घेतले तर दहा वर्षांनी सहीला माणूस उरत नाही. आयकर सवलतीची नोंदणी झाली तरी २००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय. पावतीपुस्तक क्रमांकाचं असावं आणि रद्द पावती फाडून टाकू नये, तिथेच 'रद्द' लिहून ठेवावी.

बक्षिसाचं गणित बघा. १० लाख मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ६५ हजार. त्यातले १० हजार मुद्दलात परत घाला, नाहीतर महागाईत बक्षीस दरवर्षी लहान होत जाईल. उरले ५५ हजार, म्हणजे ५ हजारांची ११ बक्षिसं. सभेत माईकवर '५१ मुलांना' असं जाहीर करून बसलात तर दुसऱ्याच वर्षी मुद्दल मोडावं लागेल. निकष लेखी ठेवा: तालुका, इयत्ता, माध्यम (मराठी, कन्नड, उर्दू), उत्पन्नाचा दाखला. घरच्यांपैकी कुणी निवड समितीत नसावं.

घाटमाथा

कामांच्या यादीवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. स्मृतिग्रंथात 'त्यांनी पूल बांधला, धरण आणलं, पाणी आणलं' असं सरसकट लिहिलं जातं. प्रत्येक कामाला चार रकाने करा: मागणी, मंजुरी, काम सुरू, काम पूर्ण. प्रत्येक रकान्यात तारीख आणि पुराव्याचा क्रमांक. रकाना रिकामा राहिला तर रिकामाच छापा.

एका पुलाचं उदाहरण घेऊ. डायरीत 'पुलाबद्दल मंत्र्यांना भेटलो' एवढंच असतं. त्या तारखेच्या आसपासच्या अधिवेशनात प्रश्न शोधा. उत्तरात 'अंदाजपत्रक तयार होत आहे' असेल. पुढच्या दोन-तीन वर्षांच्या अर्थसंकल्पातल्या कामांच्या यादीत ते नाव दिसतं का पाहा. मग सार्वजनिक बांधकाम खात्याच्या उपविभागात मोजमाप-वही किंवा काम पूर्ण झाल्याची नोंद मागा. शेवटी पुलावर जाऊन कोनशिला वाचा. अक्षरं झिजलेली असतात. त्यांत खडू किंवा रंग भरू नका, दगड खराब होतो. सकाळी सात-साडेसातला किंवा संध्याकाळी ऊन तिरकं पडतं तेव्हा बाजूने फोटो काढा, खोदलेल्या अक्षरांत सावली बसते आणि दुपारी न दिसणारं नाव स्पष्ट वाचता येतं. बऱ्याचदा कोनशिलेवर नाव नंतरच्या आमदाराचं असतं, कारण काम सुरू होईपर्यंत निवडणूक झालेली असते. त्यात कुणाची लबाडी नाही. दोघांची नावं लिहा, कुणी काय केलं ते लिहा.

आमदार निधी हा शब्द जपून वापरा. कर्नाटकात ही योजना २००१-०२ पासूनची. सत्तर-ऐंशीतल्या आमदाराच्या हाती असा निधी नव्हता. त्यांनी 'आमदार निधीतून समाजमंदिर बांधलं' असं छापलं तर जाणकार वाचक बाकीच्या पुस्तकावरही विश्वास ठेवणार नाही.

कुळाचा उतारा

वरच्या प्रतिसादात एक भर. त्या काळातलं मोठं काम पुलांत दिसत नाही, कुळांच्या अर्जांत दिसतं. कर्नाटकात जमीन सुधारणेची दुरुस्ती १ मार्च १९७४ पासून लागू झाली, कुळाच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि कुळाने नमुना ७ भरून हक्क मागायचा होता. मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. अर्ज कन्नडमध्ये, कूळ मराठी वाचणारं किंवा न वाचणारं, आणि वहिवाटीचा पुरावा म्हणजे जुन्या पीकपाण्यातली एक ओळ. तेव्हा आमदाराच्या ओट्यावर रांग असायची ती याच कामासाठी.

ट्रंकेत सर्व्हे नंबरांच्या याद्या, 'न.नं. ७' अशी टिपणं किंवा लवादाच्या तारखा सापडल्या तर त्या 'किरकोळ' म्हणून बाजूला टाकू नका. मात्र छापताना कुळांची नावं आणि सर्व्हे नंबर देऊ नका, काही वाद अजून जिवंत असतात. गाववार संख्या द्या.

उंबरठा

एक मतभेद स्पष्ट मांडते. सीमाप्रश्नावरची भाषणं घ्यायची की नाही यावर समित्या अडतात. माझं मत, घ्यायची, आणि पूर्ण घ्यायची. १९५७ पासून सीमाभागातून महाराष्ट्र एकीकरण समितीच्या विचाराचे लोक निवडून जात होते, बा. रं. सुंठणकरांसारखे इतिहासाचे अभ्यासकही बेळगाव शहरातून गेले. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, त्यानंतरच्या प्रत्येक सभागृहात हा विषय निघाला. ते वगळलं तर माणूस अर्धा राहतो. पण भाषण तारखेसह, जसंच्या तसं द्या. मथळे भडक देऊ नका आणि समोरच्या सदस्याचं उत्तरही छापा. कुणाच्या विरोधात गेलेलं त्यांचं मत असेल तर तेही राहू द्या.

आणि घरातली बाई. आमदार बेंगळुरूला असताना ओट्यावरच्या माणसांना चहा, निरोप, अर्ज हे सगळं तिने सांभाळलेलं असतं. तिची मुलाखत आधी घ्या. एका बैठकीला तासाभरापेक्षा जास्त नको, दोन मोबाईलवर एकदम रेकॉर्ड करा, पंखा बंद, सुरुवातीला तारीख आणि संमती तोंडी बोलून घ्या. 'साहेब कसे होते?' असं विचारलं की 'देवमाणूस' एवढंच उत्तर येतं. 'सकाळी पहिला माणूस किती वाजता यायचा, कुठे बसायचा?' असं विचारा.

खिळे जुळवणारा

छपाईचं थोडक्यात. डेमी आकार, ३२० पानं म्हणजे १६ पानी २० फर्मे. मजकुराला ७० जीएसएम मॅपलिथो, फोटोंचा एक फर्मा १३० जीएसएम आर्ट पेपरवर. बांधणी शिलाईची करा. नुसत्या गोंदाची बांधणी आपल्याकडच्या पावसाळ्यात कण्यापाशी सुटते.

लोकांचे लेख जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये येतील. युनिकोड केल्यावर रफार आणि 'ऱ्य' तुटतो, 'कार्य'चं भलतंच काही होतं. मुद्रितं तीनदा वाचा, तिसऱ्यांदा फक्त नावं आणि साल. लेख मागवताना ८०० शब्दांची मर्यादा आणि 'एक प्रसंग, तारीख, जागा' अशी अट घाला, नाहीतर साठ लेखांत एकच लेख साठ वेळा येतो. आयएसबीएन मोफत मिळतो. प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवणं कायद्याने बंधनकारक आहे. सात महिन्यांत ग्रंथ घाईने काढू नका, मजकूरच पक्का होणार नाही.

पारावरून

बैठकीत हे सगळं वाचून दाखवलं. ठरलं ते असं: पुतळा नाही. पहिल्या पुण्यतिथीला ट्रंकांची सूची आणि ३२ पानांची पुस्तिका, त्यात शोकप्रस्ताव दोन्ही भाषांत. ग्रंथ दुसऱ्या पुण्यतिथीला. १० लाख जमा झाले तरच बक्षीस, तोवर जाहीर करायचं नाही. वाचनालयाच्या एका खोलीत कागद राहतील. एकच शंका उरली, कॅसेटींवर पांढरी बुरशी दिसते आहे. वाजवून बघावं का?

जुना बस्ता

वाजवू नका. बुरशी प्लेअरच्या हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटी खराब करते, फीत चिकटून तुटतेही. बुरशीच्या कॅसेटी वेगळ्या डब्यात, सिलिका जेलसकट, उभ्या ठेवा. स्वच्छ दिसणाऱ्या आधी डिजिटल करून घ्या. त्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे गुंडाळायची, फीत मोकळी होते. मागच्या दोन छोट्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. बुरशीच्या ज्या आहेत त्या फीत साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्या. देण्याआधी कॅसेटीवरच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. साफ करताना पहिली निघते ती चिठ्ठीच, आणि सभा कुठली, कधीची, ते फक्त तिच्यावर लिहिलेलं असतं.